कराटेतील ‘करा’ आणि आपले शून्य

‘कराटे’ हा शब्द संस्कृत ‘कर’ म्हणजे हात यावरून आला का, आणि काळा पट्टा मिळाल्यावर ‘मुलाचे कराटे पूर्ण झाले’ असे म्हणणे बरोबर आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ एवढेच. जपानीत हाताला ‘ते’ म्हणतात आणि तो या शब्दाच्या शेवटी आहे. ‘करा’चा हाताशी काहीही संबंध नसताना निव्वळ ध्वनिसाम्यावर उभारलेली ही व्युत्पत्ती पुन्हापुन्हा सांगितली जावी, याचा खेद वाटतो.

खरे पाहण्यासारखे आहे ते ‘करा’च. कराटेचे उगमस्थान असलेल्या ओकिनावा या जपानी बेटावर हा शब्द ‘तांग हात’, म्हणजे चिनी हात, अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहीत. त्याच उच्चाराचे, पण ‘रिकामा’ या अर्थाचे चिन्ह तेथील कराटे-गुरू हानाशिरो चोमो यांनी १९०५ मध्ये वापरले, पुढे जपानभर कराटेचा प्रसार करणारे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी त्याचा आग्रह धरला आणि १९३६ मध्ये ओकिनावातील नाहा या शहरी भरलेल्या गुरूंच्या बैठकीत तेच मान्य झाले. हा बदल म्हणजे केवळ जपानी राष्ट्रवादाचा परिणाम, असे मानणारे अभ्यासक आहेत. राष्ट्रवादाचा त्यात वाटा होताच. परंतु त्यावरून ‘चीन’ का गेला एवढेच कळते, ‘रिकामे’ का आले हे कळत नाही, आणि १९०५ मधील वापराचा उलगडा तर १९३० नंतरच्या राजकारणातून होऊच शकत नाही.

हेच चिन्ह चिनी बौद्ध भाषांतरकारांनी आपल्या ‘शून्य’ या शब्दासाठी योजले होते. फुनाकोशींनी आधार घेतला तो प्रज्ञापारमिताहृदयसूत्र या बौद्ध सूत्रातील ‘रूपं शून्यता शून्यतैव रूपम्’ या वचनाचा; आणि त्याचे सर्वांत प्रचलित चिनी भाषांतर ज्याच्या नावावर आहे, तो ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला होता. म्हणून ‘निःशस्त्र लढण्याची कला’ हा कोशांतील अर्थ मला अपुरा वाटतो. हातात शस्त्र नसावे, तसा मनातही स्वार्थ आणि दुष्टभाव नसावा, असे दोन्ही अर्थ फुनाकोशींना अभिप्रेत होते.

‘दोजो’ची, म्हणजे कराटेच्या सरावाच्या जागेसाठीच्या शब्दाची, कुळकथा तर याहून सुंदर आहे. या शब्दाची चिन्हे चिनी भाषांतरांत ‘बोधिमण्ड’, म्हणजे बुद्धाला जेथे बोधी प्राप्त झाली ती बोधिवृक्षाखालची जागा, यासाठी येतात. पुढे ती साधनेच्या जागेला आणि मग युद्धकलांच्या आखाड्याला लागू झाली. सरावाआधी आणि सरावानंतर नमस्कार का करायचा, हे मुलांना समजावताना ‘शिस्त’ या शब्दावर थांबणाऱ्या प्रशिक्षकांनी ही व्युत्पत्ती अवश्य सांगावी.

राहिला पट्ट्याचा प्रश्न. फुनाकोशींच्या वीस नियमांपैकी नववा नियम कराटेचा अभ्यास आयुष्यभराचा असल्याचे सांगतो, आणि काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीचे ‘शोदान’ हे नावही ‘पहिली पायरी’ अशाच अर्थाचे आहे. तेव्हा ‘कराटे पूर्ण झाले’ असे न म्हणता ‘शोदान श्रेणी मिळाली’ असे म्हणावे.