धर्माच्या रकान्यात काय लिहू?

तुम्ही विचारलंत, 'आम्ही वसईचे कॅथलिक. जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी लागलीय. पत्ता नोंदवताना धर्म विचारतात म्हणे, काय लिहू? पोरांची श्रद्धा टिकेल ना?' व्हिसाबद्दल लिहीत नाही, ते सगळीकडे मिळेल.

मी 'रोमन कॅथलिक' लिहिलं. वसईतल्या नंदाखालचा माणूस दुसरं काय लिहिणार? पहिल्याच पगारातून चर्चचा कर गेला. स्टुटगार्टकडे तो आयकराच्या 8 टक्के असतो, पगाराच्या नव्हे. मित्र उगाच घाबरवतात. कराचं मला काही वाटत नाही.

शाळेचं मात्र अजून डाचतं. धर्माच्या तासाला थोरलीला दुसऱ्या वर्गात नेऊन बसवायचे. भारतातली म्हणजे हिंदूच असणार! बाप्तिस्म्याचा दाखला दिला, तर त्याचं अधिकृत भाषांतर आणा म्हणाले. चार महिने गेले त्यात. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याच्याही आधीपासून आम्ही कॅथलिक, हे त्या बाईंना सांगण्याइतकं जर्मन तेव्हा येत नव्हतं. आता येतं, पण सांगायचं कुणाला?

आणि ज्या तासासाठी मी भांडलो, तो तिने चौदावं लागताच सोडला. 1921 च्या कायद्याने चौदाव्या वर्षापासून मूल आपला धर्म आपण ठरवतं, आईबापाची सही लागत नाही. आता नीतिशास्त्राला बसते. चर्चमधूनही नाव काढायचं म्हणते. इथे त्यात नवल नाही, 2022 या एका वर्षात पाच लाखांवर कॅथलिक बाहेर पडले. मी रागावलो, तर म्हणाली, 'तुम्ही तरी कुठे जाता? नुसता कर भरता.'

खरंय ते. इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, जर्मनमध्ये, पाठ झाली तरी आत उतरत नाही. साठच्या दशकात आलेल्या केरळच्या नर्सबायांनी मल्याळम मिस्सा तरी उभी केली. मराठी मिस्सा मला इथे सापडली नाही, आणि ती सुरू करण्याची खटपटही मी केली नाही. घरी आमची वसईची बोली, कादोडी, बोलतो, प्रार्थना मात्र कधीच बंद पडली. एकटेपणाचं विचारलं नाहीत, बरं केलंत. त्याची सवय होते.

तुम्ही खरं तेच लिहा. पण पोरांसोबत रात्रीची रोझरी पहिल्या आठवड्यापासून धरा. 'जरा स्थिरावलो की बघू' असं मी म्हणालो होतो.

आई दर रविवारी फोनवर विचारते, थोरलीचं दृढीकरण, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा तो संस्कार, कधी? मी म्हणतो, पुढच्या वर्षी. तिने नातीसाठी सोन्याची साखळी करून ठेवली होती, मे महिन्यात माझ्याकडे दिली. कपाटात आहे. पोरीला अजून दाखवलेली नाही.