पहिली दहा पानं

प्रिय बापू,

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, नीट बोलणं झालं नाही. पाचवी ते सातवीच्या पोट्ट्यांसाठी वीस पुस्तकांची यादी पाठवा, म्हणालास. यादीला अर्धा तास पुरतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांत मी 31 वर्षं काढली आणि माझ्या बहुतेक याद्या कपाटाच्या दाराला आतून चिकटलेल्या राहिल्या. पुस्तकं चांगलीच होती. पोरं पहिल्या दहा पानांतच अडकायची.

काहून अडकतात, हे कळायला मला फार वर्षं लागली. घरी 'मले', 'तुले' बोलणारं पोरगं पुस्तक उघडतं आणि त्याला एकदम इस्त्री केलेली मराठी भेटते. माणसं अनोळखी, गावं अनोळखी, आणि भाषाही पाहुणी. नाल्याला पाणी चढलं की लहान लेकराला आपण पलीकडच्या काठावरून हाका मारत नाही, हात धरून आणतो. तसं पहिली दहा पानं तू मोठ्यानं वाच. शब्द अडला की वऱ्हाडीत सांग आणि पुढे चल. गोठ रंगात आली की पुस्तक मिटायचं, टेबलावर ठेवायचं आणि कपाट उघडं टाकून चहाला निघून जायचं. तू परत येशील तेव्हा पुस्तक जागेवर नसेल.

सुरुवात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून कर. बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला पोरगा. आमच्या वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सर, फुरसुंगी कुठी हाय?" नकाशा काढायचा, पुण्याजवळ बोट ठेवायचं, संपलं. खरी गंमत त्याच्या 'ट्टॉक'ची आहे. जीभ टाळूला लावून पोरं तो आवाज काढतात आणि मग कळतं, अरे, हे तर आपण बंडी हाकताना रोजच करतो. त्यानंतर फेणे पुण्याचा राहत नाही. बोक्या सातबंडे मात्र थोडा मागाहून दे. त्याची मुंबई आपल्या पोरांना फेणेच्या पुण्याहूनही लांब पडते.

आता एक कबुली देतो. माझ्या याद्यांत फेणे, बोक्या, गोट्या, श्याम, सगळे पोट्टेच. सहावीतल्या एका पोरीनं तोंडावर विचारलं, "सर, पोरीले काईच होत नाही का?" मी गप्प बसलो. त्या दिवाळीत तोत्तोचान आणलं, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत केलेलं. जपानमधल्या या मुलीला पहिलीतच शाळेतून काढून टाकतात. नव्या शाळेचे मुख्याध्यापक पहिल्याच भेटीत चार तास तिचं बोलणं ऐकत बसतात. त्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. तुझ्या गावातल्या म्हाताऱ्यांनी यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला पाहिली आहे, पोरांनी निदान गंजलेले रूळ पाहिले आहेत. वाचायच्या आधी एवढंच विचार, शकुंतलेचे डबे आणून त्यात आपली शाळा भरवली तर खिडकीजवळ कोण बसणार? भांडण लागेल. लागू दे, आणि त्या भांडणातच पहिलं पान उघड.

सातवीच्या पोरांना वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दे. 1981 चं पुस्तक, पण आपल्याकडे ते जुनं होत नाही. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला कार्व्हर अमेरिकेतल्या कापूसपट्ट्यात शेती शिकवायला जातो, तिथल्या शेतकऱ्यांना सांगतो की कापसावर कापूस घेऊन जमीन खंगली, आता भुईमूग पेरा. 1906 पासून तर घोडागाडीत बियाणं आणि अवजारं भरून शाळाच वावरापर्यंत नेली. हे ज्याच्या बापानं पऱ्हाटीवर पऱ्हाटीच लावली, त्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. इथं मात्र दहा पानांनी भागणार नाही, वीसेक वाचून दाखव.

वाचतच नाही असा एक पोट्टा प्रत्येक वर्गात असतो, बहुधा बकऱ्या राखणारा. त्याला पुस्तक देऊ नको. मारुती चितमपल्लींच्या 'रानवाटा'तलं एखादं प्रकरण वाच आणि पाखराचं नाव आलं की थांबून त्यालाच विचार, आपल्याकडे याला काय म्हणतात. चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं विदर्भातल्या जंगलांत. त्यांचं लेखन मोठ्यांसाठी आहे, सगळंच्या सगळं वाचायचा हट्ट धरू नको. पण वर्गात पहिल्यांदा त्या पोराला सरांपेक्षा जास्त माहीत असतं, आणि मास्तरानं ते चारचौघांत कबूल करावं.

'श्यामची आई'बद्दल तू विचारलंच असतंस. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. ते कोणाला 'बघ, श्याम कसा होता' म्हणून देऊ नको, पोरं त्याच क्षणी पुस्तकावर रागावतात. माझ्या वर्गात बाप गेलेला एक मुलगा होता. कसा गेला ते आपल्या जिल्ह्यात विचारू नये. वर्षभर मी त्याच्यापासून रडवणारी पुस्तकं लपवली, हसवणारी पुढे केली. एक दिवस त्यानं स्वतःच हे काढून नेलं आणि चार दिवसांनी आणून माझ्यासमोर ठेवलं. "सर, हे मले आधी काहून नाही देलं?" याचं उत्तर अजून माझ्याजवळ नाही.

पैसे नसले तरी थांबू नको. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. अर्ध्या पानाची गोष्ट, कोडं, विनोद, अशानं दहा पानांची अडचणच उरत नाही. वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं वावरात असतात, तेव्हा हेच चालव.

आणि बोलीची लाज वाटणारी पोरं भेटतील. त्यांना लीळाचरित्रातली चिऊ-काऊची गोष्ट वाचून दाखव. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला, सातशेहून अधिक वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यात ती आहे. कावळ्याचं घर तिथं 'सेणाचं' आहे. शेणाचं नाही, सेणाचं! माझ्या वर्गातली एक पोरगी टाळी वाजवून म्हणाली, "आमची आजीबी असंच म्हणते."

फाटलेल्या पुस्तकाचे पैसे घेऊ नको. मी एकदा एकीकडून दहा रुपये घेतले, नंतर तिनं माझ्याकडून एकही पुस्तक नेलं नाही.

शनिवारच्या एसटीनं एक पेटी पाठवतो. फेणेचे चार भाग आहेत, एकाची शिवण सुटली आहे. गोधडी शिवायच्या सुईनं टाके घाल, दोरा पेटीतच ठेवलाय.

तुझा,
गुरुजी