बर्फात जाताना हेल्मेट कसं निवडावं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला आम्ही मोटारसायकलवर मनाली ते लेह जाणार आहोत. माझ्या डोक्याचं माप ५८.५ सेंटिमीटर आहे. दुकानदार म्हणतो, एक साइज मोठं घ्या, म्हणजे आत लोकरीची टोपी मावेल. त्याचं ऐकावं का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : अजिबात ऐकू नका. माकडटोपीची लोकर ५ मिलिमीटर जाड धरली, तर डोक्याचा घेर सुमारे ३ सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे एका साइजपेक्षाही जास्त. तेवढ्या मोठ्या हेल्मेटमध्ये डोकं घट्ट बसल्यासारखं वाटतं खरं, पण आदळल्यावर लोकर दबते आणि हेल्मेट डोक्यावर फिरतं किंवा पुढे-मागे सरकतं. धक्का शोषण्याचं काम आतला थर्माकोल करतो. त्यासाठी तो डोक्याला लागूनच असावा लागतो. दुपारी ऊन तापल्यावर टोपी काढली की तेच हेल्मेट ढिलं होतं आणि मानेकडून गार वारा आत शिरतो.

थंडीसाठी सुमारे १ मिलिमीटर जाडीचा, शिवण चपटी असलेला बालाक्लावा, म्हणजे डोकं, चेहरा आणि मान झाकणारी घट्ट बसणारी टोपी घ्या, मेरिनो लोकरीची किंवा सिंथेटिक. त्याने घेर जेमतेम ६ मिलिमीटर वाढतो. सुती नको, कारण घामाने ओला झाला की तो लवकर वाळत नाही आणि डोकं गार पडतं. वाटेतली बारालाचा ला ही खिंड जवळजवळ ४,९०० मीटरवर आहे. जूनमध्येही तिथे बर्फ पडू शकतो, तेव्हा एक कोरडा बालाक्लावा जादा ठेवा.

माप घेताना टेप भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कानांच्या वरून आणि मागे डोकं सर्वांत फुगीर असतं तिथून फिरवा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. बहुतेक कंपन्यांत ५७-५८ म्हणजे एम आणि ५९-६० म्हणजे एल, पण तक्ता ज्याचा त्याचा पाहावा. तुम्ही दोन्हींच्या मधे आहात, म्हणून आधी एम घालून पाहा, तोही बालाक्लावा चढवून. गाल दाबले जाऊन किंचित वर आले पाहिजेत. पट्टा आवळा, हनुवटीपुढचा भाग धरून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. गालांची कातडी सोबत ओढली गेली तर फिट बरोबर आहे. मग मागची कडा धरून वर-पुढे ढकला. निघू लागलं, तर ते हेल्मेट तुमचं नाही.

यानंतर वीस मिनिटं ते घालून दुकानातच बसा, दुकानदार कंटाळला तरी. कपाळाच्या मध्यावर एकाच ठिकाणी ठणका लागून लाल वळ उठला, तर साइज नव्हे, आकार चुकला आहे. तुमचं डोकं लांबट असेल आणि हेल्मेट गोल घडणीचं. अशा वेळी मोठी साइज घेऊन दुखणं थांबेल, पण बाजू ढिल्या राहतील. दुसरं मॉडेल बघा. फक्त गालांवर जास्त दाब येत असेल, तर थांबा. गालाचे पॅड वापराने थोडे बसतात आणि बऱ्याच हेल्मेटना पातळ पॅड वेगळे मिळतात. आयएसआय खूण, म्हणजे आयएस ४१५१, हवीच.

प्रश्न : थंडीत हेल्मेटची काच आतून धुकटते. चष्माही आहे. काच उघडली तर बर्फ डोळ्यांत जातो. (कोल्हापूर)

उत्तर : श्वासातली वाफ गार काचेवर जमते, एवढंच त्याचं कारण आहे. काचेवर पिनलॉक बसवणं हा सर्वांत भरवशाचा उपाय, त्यामुळे काचेला दोन्ही बाजूंना पिना असलेलंच हेल्मेट घ्या. पिनलॉक ही आतली दुसरी पातळ काच असते. तिच्या कडेची सिलिकॉनची रेघ मुख्य काचेला टेकून मधे हवेचा बंद थर तयार होतो. काच हेल्मेटपासून काढा, थोडी सपाट वाकवा, पिनलॉक पिनांमध्ये अडकवा आणि रेघ सगळीकडे टेकली का ते उजेडाकडे धरून पाहा. कुठे फट दिसली तर पिना किंचित फिरवून ताण वाढवा. फट राहिली की दोन काचांच्या मधेच धुकं धरतं आणि ते पुसताही येत नाही. संरक्षक फिल्म सोलायची राहून जाते, तीही काढा. पुसायला कागद किंवा स्पिरिट नको. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. रात्री पिनलॉक खोलीत वाळू द्या, कारण तो ओलावा शोषतो आणि भिजून तुडुंब झाला की निकामी ठरतो.

थंडी वाजते म्हणून लोक सगळी भोकं बंद करतात आणि तिथेच फसतात. कपाळावरचं भोक बंद ठेवा, पण हनुवटीचं थोडं आणि मागचं पूर्ण उघडं असू द्या. ओली हवा बाहेर जायला वाट हवी.

चष्म्याला मात्र पिनलॉकचा उपयोग नाही. तिथे नाकावरचा श्वास-पडदा हवा, श्वास खाली वळवणारा. नाकावर रुमाल बांधला तर वाफ वर चष्म्यावरच जाते. चष्म्याच्या काड्या सरळ आणि पातळ घ्या. वळलेल्या काड्या कानामागे तासाभरात दुखू लागतात. अटल बोगद्यासारख्या ठिकाणी आत शिरताच थंडगार काच बाहेरूनही धुकटू शकते. त्याला पिनलॉक काही करत नाही. वेग कमी करा, हातमोज्याने पुसा.

काचेच्या रबरावर पाणी राहून रात्री गोठलं, तर सकाळी काच चिकटते. जोर लावू नका, काचेचा सांधा तुटू शकतो. संध्याकाळी रबर कोरडं करून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवावा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला स्कीइंग शिकवायचं आहे. सायकलचं हेल्मेट चालेल का? (म्युनिक, जर्मनी)

उत्तर : नाही. सायकलच्या हेल्मेटला ईएन १०७८ हे युरोपीय मानक असतं, स्कीच्या हेल्मेटला ईएन १०७७. त्यात ए वर्गात कानही कडक कवचाखाली येतात, बी वर्गात कानांवर मऊ पॅड असतं. शिकणाऱ्या मुलीसाठी दोन्ही योग्य आहेत. बी हलकं असतं आणि त्यातून ऐकू चांगलं येतं. हेल्मेट घ्यायला जाताना तिचा गॉगल सोबत न्या. गॉगलची वरची कड आणि हेल्मेट यांत कपाळ उघडं दिसलं तर तिथे वारा बोचेल. हेल्मेट गॉगल खाली दाबत असेल तर नाक बंद होईल. आत टोपी नको, लागलाच तर पातळ बालाक्लावा. वेणी घालायची तर मानेजवळ खाली. पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकीच सैल जागा ठेवा. 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून मोठं घेऊ नका. हेल्मेटच्या मागचं छोटं चाक फिरवून घेर थोडा कमी-जास्त होतो, तेवढीच सोय पुरे. ओलं हेल्मेट हीटरवर वाळत टाकू नका, आतला थर्माकोल उष्णतेने बिघडतो.