वाचकांचे प्रश्न : शिकू बुआर्कींचे दुसरे नाव

प्रश्न : ब्राझीलचे गायक-गीतकार शिकू बुआर्की यांनी लष्करी राजवटीत टोपणनावाने गाणी लिहिली, हे खरे आहे का? तशी वेळ त्यांच्यावर का आली?

उत्तर : होय, खरे आहे. १९४४ साली रिओ दी जानेरोत जन्मलेले बुआर्की हे नामवंत इतिहासकाराचे चिरंजीव. वास्तुशास्त्राचे शिक्षण अर्धवट सोडून ते संगीताकडे वळले आणि १९६६च्या गीतमहोत्सवात ‘आ बांदा’ या गाण्यामुळे घरोघरी पोहोचले. मात्र १९६४ साली सत्ता बळकावलेल्या लष्कराने डिसेंबर १९६८मध्ये नागरी हक्कांची गळचेपी आणखी कठोर केली, तेव्हा त्यांना काही काळ इटलीत राहावे लागले.

१९७० साली परतल्यावर त्यांनी ‘आपेजार दी व्होसे’ (‘तू असूनही’) हे गाणे लिहिले. वरवर पाहता ती एका प्रियकराची तक्रार असल्याने सेन्सॉरने ते निर्धास्तपणे मंजूर केले. परंतु त्यातला ‘तू’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष जनरल मेदिसी, हे श्रोत्यांनी ओळखले आणि उशिरा का होईना, सरकारच्याही लक्षात आले. गाण्यावर बंदी आली, ध्वनिमुद्रिका जप्त करून नष्ट करण्यात आल्या. त्यांचे सर्वांत धारदार गाणे मात्र मला ‘कालिसी’ वाटते. १९७३ साली गायक-गीतकार जिल्बेर्तू जिल यांच्यासोबत रचलेल्या या गाण्यात, ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ ही येशूची प्रार्थना आहे. पण ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत ‘प्याला’ आणि ‘गप्प बस’ या दोन्हींसाठीच्या शब्दांचा उच्चार एकच, ‘कालिसी’, होतो. त्या वर्षी साओ पावलोच्या रंगमंचावर दोघे ते गाऊ लागताच त्यांचे माईक बंद करण्यात आले. गाण्याची ध्वनिमुद्रिका निघायला १९७८ साल उजाडले.

अशा स्थितीत बुआर्की हे नाव दिसले, की सेन्सॉर आधीच सावध होई. म्हणून १९७४ साली त्यांनी ‘जुलिन्यू दा आदेलाइदी’ नावाचा गीतकार निर्माण केला आणि त्याच्या नावाने पाठवलेली गाणी मंजूर झाली. मध्यरात्री पकडून नेण्याची भीती सांगणारे ‘आकोर्दा आमोर’ हे त्यांपैकीच एक. या जुलिन्यूने एका वृत्तपत्राला मुलाखतही दिली. पुढे खरा प्रकार उघड झाल्यावर, गाण्यासोबत गीतकाराची ओळखपत्रेही सादर करावीत, असा नियम सेन्सॉरने केला.