‘आम्ही येथे खुशाल आहोत’

माई,
आम्ही देवगडजवळचे. हापूसच्या बागेवर घर चालतं. मुलगा सप्टेंबरात लंडनला एमएस्सीला गेला, बँकेचं कर्ज काढून. रोज रात्री नऊला जेवणं आवरली की मी फोन लावते. ‘बरा आहे, जेवलो, ठेवतो’, संपलं. कॅमेरा लावत नाही. परवा वाडीत एकाच्या मोबाइलवर फोटो आला, आमचा मुलगा कुठल्याशा हॉटेलात भांडी घासतोय. आता विहिरीवर गेलं तरी कानावर येतं, ‘कर्ज काढून झिलाक भांडी घासूक धाडल्यानी.’ ह्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यात यंदा पहिला मोहर तुडतुड्यांनी खाल्ला. तेही मुलाला कळवलं नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर. त्याला परत बोलावून घेऊ का?
एक आई

ताई,
परत बोलावू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे लंडनचे दुपारचे साडेतीन. (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातील, मग साडेचार.) त्या वेळी तो वर्गात असणार, नाहीतर कामावर जायला बस पकडत असणार. जानेवारीत तिथे चार-साडेचारलाच काळोख पडायला लागतो. अशात कोण कॅमेरा लावून गप्पा मारील? यात घाईगडबडच जास्त. थोडी लपवाछपवी आहे, तिच्याकडे येते.

आधी भांडी. पदवीचं शिकणाऱ्याला तिथल्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करायची मुभा असते. त्या तासांत भांडी घासली काय नि दुकानात माल लावला काय, चोरी नाही. खडसावून विचारायचं ते एवढंच की तास वीसच्या वर जात नाहीत ना, आणि पगार बँकेत येतो ना. ‘रोख देतो, अजून दोन पाळ्या कर’ म्हटलं की पोरं भुलतात आणि व्हिसा धोक्यात घालतात.

विहिरीवर बोलणाऱ्या बायांच्या घरचं कोणी मुंबईला चाकरमानी नव्हतं का हो? माझे बाबा होते. गिरणगावात एका खोलीत चौदा जण, पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. पगार बंद झाला आणि बाबा मंडईत भाजीच्या गोणी उतरवू लागले, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तोवर प्रत्येक आंतरदेशीय पत्राची पहिली ओळ ठरलेली: ‘आम्ही येथे खुशाल आहोत.’ उत्तर मी लिहायचे, आई सांगायची. ‘लिही, इकडे सर्व ठीक.’ त्याच आठवड्यात आम्ही गाय विकली होती.

म्हणून तुमच्या पत्रात मी अडकले ती मोहराच्या ओळीवर. मुलगा भांडी लपवतोय आणि तुम्ही तुडतुडे. बागायतदाराचा मुलगा तो, ढगाळ हवेत मोहराचं काय होतं हे त्याला कोणी शिकवायला हवं? देवगडचं हवामान तो मोबाइलवर बघत असेल आणि तुम्ही कधी बोलता याची वाट पाहत असेल.

तेव्हा आज रात्रीच ह्यांना फोटोचं सांगा. वाडीतून कळलं तर तुमच्यावरही चिडतील. मग रविवारी दुपारी साडेतीनला दोघांनी मिळून फोन लावा, तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतील. सुरुवात तुम्ही करा. पहिला मोहर गेला, फवारणीला किती लागले, दुसरा कसा दिसतोय, सगळं आकड्यांसकट. फोटोचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर ह्यांनी ‘हात फुटले नाहीत ना रे पाण्याने?’ एवढंच विचारावं.

आणि ‘जेवलास का?’ नको, ‘काय केलंस?’ विचारा. माझी भाची लंडनला शिकत होती. एकदा तिला बाजारात बांगड्याचा भाऊबंद मासा मिळाला. बाईने हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात तिखट-मीठ लावून तळायला टाकला. धूर झाला, अलार्म वाजला आणि अख्खी इमारत सपाता घालून थंडीत खाली उभी. ही मधोमध, हातात कालथा. हा किस्सा तिने आईला आठ महिन्यांनी सांगितला, कारण तोवर आईने कधी ‘काय केलंस’ विचारलंच नव्हतं.

कोणी जाणारं भेटलं तर खाजं द्या, मालवणी मसाला दोन पिशव्यांत बांधून द्या. पेढे-बिढे नकोत, दुधाचे नि मटणाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. आणि कुळथाचं पीठ द्या भरपूर. पिठीने अलार्म वाजत नाही.

तुमची,
माई