बेड्यावरून पोरगा उचलून नेला, आता दाद कोणाकडं मागायची?

प्रश्न : आमचा फासेपारधी बेडा, जिल्हा यवतमाळ. गावात कोणाच्या विहिरीवरची मोटर चोरीले गेली की पोलिसांची गाडी पहिले आमच्याकडंच येते. परवा माह्या लहान भावाले रात्री उचलून नेलं, पट्ट्यानं मारलं अन् सकाळी सोडून देलं, कागद ना पत्तर. अमेरिकेत त्या जॉर्ज फ्लॉइडच्या टायमाले पोलिसवाला जेलात गेला म्हणतात. आपल्याकडं काहीच सोय नाही का? का पोलिसाची तक्रार पोलिसाकडंच करायची? – एक वाचक

उत्तर : भाऊ, पहिले भावाला घेऊन सरकारी दवाखान्यात जा, हे उत्तर नंतर वाचा. वळ दोन-चार दिवसांत पुसट होतात. डॉक्टरला कोणी, कधी, कशानं मारलं ते स्पष्ट सांगा, एमएलसी, म्हणजे मारहाणीची पोलीस-कोर्टात चालणारी नोंद, करायला लावा, आणि 'पोलिसांचं पत्र आणा' म्हणाले तरी हटू नका, त्यासाठी उपचार अडवता येत नाही. अंगावरच्या खुणांचे फोटो तारखेसकट ठेवा.

आता फ्लॉइडचं. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसानं या काळ्या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांच्या वर गुडघा दाबून ठेवला, आणि पोलिसांच्या पहिल्या निवेदनात काय, तर तब्येत बिघडून माणूस गेला! रस्त्यावरच्या एका १७ वर्षांच्या पोरीनं मोबाईलवर शूटिंग केलं होतं म्हणून ते निवेदन उघडं पडलं, आणि खटलाही तिथल्या राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ऑफिसनं चालवला, म्हणून तो पोलिसवाला २०२१ मध्ये दोषी ठरला. तिकडं कातडीचा रंग पाहतात, इकडं जात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण मोटर चोरीला गेली की गाडी कुठं वळवायची हे अजून ठरलेलंच आहे.

रस्त्यावर पाहणारे असतात, ठाण्यात कोण असतं? आपल्याच देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यातलं एक कारण तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत हे होतं. लोक पेटले, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. म्हणून मी आधी दवाखाना म्हणलो.

सोय आहे, पण कशी ते ऐका. प्रकाश सिंग या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या खटल्यात २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पोलिसांच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण करा, जिल्ह्यातही आणि राज्यातही, वर निवृत्त न्यायाधीश बसवा आणि त्यांची शिफारस बंधनकारक ठेवा. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणलं, पण जिल्ह्याच्या जागी विभाग पातळी ठेवली, म्हणजे अनेक जिल्ह्यांना मिळून एक. बेड्यावरच्या माणसानं मजुरी बुडवून एवढ्या लांब जायचं म्हणजे मला तरी ही अर्धीच सोय वाटते. तरी बेकायदा डांबणं आणि गंभीर मारहाण त्यांच्याच कक्षेत येते, तेव्हा पोस्टानं अर्ज टाकाच. एक प्रत पोलीस अधीक्षकांना, एक राज्य मानवी हक्क आयोगाला, तिथं मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत.

आणि सगळ्यात घाईचं काम सीसीटीव्हीचं. डिसेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे पाहिजेत, रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायला पाहिजे, तेवढं जमत नसेल तर निदान वर्षभर. मानवी हक्क आयोग ते फुटेज मागवू शकतो. अर्जात तारीख, वेळ, ठाण्याचं नाव लिहून 'फुटेज जपून ठेवा' असं मागा, नाहीतर कॅमेरा बंद होता हे ऐकायची तयारी ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, आणि त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते, तिथं जातीचा दाखला आणि दवाखान्याचे कागद घेऊन जा, झेरॉक्स द्या, ओरिजनल कोणाच्याच हातात देऊ नका.