डांबरी रस्त्यावरच्या झळा पडद्यावर

प्रश्न : मे महिन्यातल्या वर्धा रोडवरचा टू-डी गेम गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो आहे. झळांसाठी शेडरमध्ये (पडद्यावरचे पिक्सेल बदलणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) साइन लहर वापरली, पण रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा दिसतो. काय करावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : साइन लहर फार नियमित असते, तापलेली हवा तशी हलत नाही. त्याऐवजी २५६ × २५६ पिक्सेलचं नॉइज टेक्श्चर, म्हणजे अनियमित ठिपक्यांचं चित्र घ्या, त्यात 'सीमलेस' (कडा जुळवणं) चालू करा आणि शेडरमध्ये त्याला 'रिपीट' (चित्र संपलं की पुन्हा सुरू होणं) द्या. रिपीट विसरलात तर थोड्याच वेळात नक्षी कडेला ओढली जाऊन हालचाल थांबते.

हे टेक्श्चर दोनदा वाचा, वेगवेगळ्या वेगांनी वर सरकवत, आणि सरासरी काढा. त्यातून ०.५ वजा करायलाच हवेत. नॉइजची किंमत ० ते १ असते, त्यामुळे वजाबाकीशिवाय सगळं चित्र एकाच बाजूला सरकतं. उरलेल्या किमतीला ०.००६ ने गुणून स्क्रीन टेक्श्चरच्या (पडद्यावर आधीच उमटलेल्या चित्राच्या) यूव्हीत, म्हणजे ० ते १ मधल्या जागेच्या आकड्यांत मिळवा. १२८० पिक्सेल रुंदीवर हे दोन्हीकडे जास्तीत जास्त चार पिक्सेल होतात. आमच्या मते एवढं पुरे, कारण झळ जाणवायला हवी, डोळ्यांवर येता कामा नये.

खरा परिणाम उंचीमुळे येतो. रस्त्यालगत पूर्ण जोर ठेवा आणि वर जाताना स्मूथस्टेपने (किंमत हळुवार बदलणाऱ्या फंक्शनने) शून्यावर आणा.

पिक्सेल आर्ट असेल तर सरकणं जवळच्या पूर्ण पिक्सेलवर आणा (राउंड करा). गुणसंख्या (स्कोअर) वेगळ्या कॅनव्हासलेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, झळेच्या वर ठेवा, नाहीतर आकडेही थरथरतील. झळेवर स्क्रीन वाचणारा दुसरा शेडर आला, तर मध्ये बॅकबफरकॉपी नोड (पडद्याची ताजी प्रत घेणारा गोडोतला घटक) लागेल. त्याशिवाय दुसऱ्या शेडरला पहिल्याचा परिणाम दिसत नाही.